पस्तीसला पास

नांदेड, ८ नोव्हेंबर १९९८

प्रिय अनंता यास,
फारूकचा सलाम आणि तुमच्या पद्धतीने स.न.वि.वि.

गादीवाल्याला आज पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनच करणार होतो, पण दिवाळीपासून माझा आवाज बसला आहे. बूथवर मी बोलायला लागलो की पलीकडच्याला काही कळत नाही आणि मीटर पळत राहतं. शिवाय जे सांगायचं आहे ते मागे रांग लागलेली असताना सांगण्यासारखं नाही.

पावसाळ्यापासून घास अडकत होता. मी समजलो, कापूस. कंधारच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून मी कापूस पिंजतो आहे, नाकातोंडात गेलेले तंतू कधीतरी घशात बसणारच. गूळ खाल्ला, गरम पाणी प्यालो, सुलतानबीने दर्ग्यावरून पाणी आणलं. आधी भाकरी जाईना, मग पोळी जाईना, आता खिचडीसुद्धा घोटघोट पाण्याने ढकलावी लागते. शेवटी आमच्या थोरल्याने, अमानने, टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. त्यांनी दुर्बीण आत घातली, तुकडा काढून तपासायला पाठवला. अन्ननलिकेत गाठ आहे, अनंता. कॅन्सरची. लिहून टाकलं एकदाचं.

सोलापूरला जाऊन छातीवर विजेचा शेक घ्यायचा आणि सोबत सलाइनमधून औषध, असं डॉक्टरांनी ठरवलं आहे. डिसेंबरची तारीख मिळाली आहे. तोवर मधूनमधून रक्त तपासायचं. दुखणं नरड्यात आणि सुई दंडात, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. रक्तात सूज किती आहे ते त्यातून कळतं म्हणे, आणि शेक कितपत मानवेल, माणूस किती तग धरेल याचा अंदाज बांधता येतो. या तपासणीला सी.आर.पी. म्हणतात. नमुना हैदराबादला जातो आणि कागद येतो. पहिल्या कागदावर माझे चौदा आले. शाळेत तुझ्या पाटीवरून उतरवायचो तेव्हा याहून बरे पडायचे.

हारिसला यातलं काही सांगू नकोस. बारावीचं वर्ष आहे, पोरगं तुझ्या घरी तुझ्या भरवशावर ठेवलं आहे. त्याला डॉक्टर व्हायचं आहे आणि मला तो झालेला बघायचा आहे. माझ्या आवाजाचं त्याने विचारलं तर सर्दी झाली म्हण. त्याच्या टेस्टचे मार्क तू दर आठवड्याला कार्डावर कळवतोस, ते बंद करू नकोस. आता मीही माझे कळवत जाईन.

विमलवहिनींना सलाम. आहे तो जिव्हाळा असाच ठेव.
तुझा,
फारूक


लातूर, १३ नोव्हेंबर १९९८

मित्रवर्य फारूक यास,
अनंताचा स.न.वि.वि.

तुझं पत्र वाचून वर्गात गेलो आणि फळ्यावर काय लिहायचं तेच आठवेना. दीडशे पोरं वही उघडून बसलेली. शेवटी डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि खाली उतरलो. लातुरात परीक्षेच्या वर्षी मास्तराचं डोकं दुखणं हीदेखील बातमी होते. संध्याकाळपर्यंत दोन पालक चौकशी करून गेले.

विमलला सांगितलं. ती रडली आणि मग तिनेच ठरवलं की हारिससमोर आपण दोघांनी चेहरा हसता ठेवायचा. तू म्हणतोस तसंच होईल. इथली रीतच आहे ती. बारावीच्या पोराच्या घरात वाईट बातमी उंबऱ्याबाहेर थांबते. आमच्या समोरच्या माणिकप्पांचे वडील या मार्चमध्ये ऐन परीक्षेत वारले. नातू इथे पेपर देत होता आणि अंत्यविधी तिकडे उदगीरला उरकला. पोराला शेवटच्या पेपरनंतर सांगितलं. साऱ्या गल्लीने तोंड मिटून ठेवलं होतं. त्याला मार्कही उत्तम पडले.

हारिस आमच्या पत्र्याच्या खोलीत असतो. भूकंपानंतर विमल स्लॅबखाली झोपायलाच तयार नव्हती, तेव्हा बांधलेली ती. उन्हाळ्यात भट्टी असते, पण आता थंडीत बरं आहे. या टेस्टला त्याला गणितात शंभरपैकी ब्याण्णव. तो भूकंप तुलाही आठवत असेल. दोन टेम्पो रजया घेऊन आलास आणि वाटून परत जायचं सोडून आठ दिवस किल्लारीकडे माती उपसत राहिलास. एवढा हट्टी माणूस एका गाठीला ऐकायचा नाही, असं मी विमलला सांगितलं आहे. मला खोटं पाडू नकोस.

मार्क जरूर कळव. चौदा म्हणजे फारच कमी, अभ्यास वाढव.

सुलतानभाभींना नमस्कार, अमानला आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढता राहू दे.
तुझा,
अनंता


नांदेड, २ डिसेंबर १९९८

प्रिय अनंता यास,
सलाम. स.न.वि.वि.

खुशखबर. दुसरा कागद आला, माझे अडतीस आले. शंभरातले पस्तीस लागतात ना पास व्हायला? पहिल्याच प्रयत्नात हुकलो होतो, दुसऱ्यात निघालो. सुलतानबीने शेजारी साखर वाटली. मी हातावर घेऊन बघितली आणि तिलाच खाऊ घातली.

कागदावर अल्ब्युमिन नावाचं आणखी एक असतं. ते तीन पॉइंट सहा होतं, आता तीनवर आलं. ते रोगाचं असणार, कमी होऊन राहिलं. पुढे इंग्रजीत बारीक काहीबाही छापलेलं असतं, ते मी बघत नाही. तुझ्या कार्डावर जसा ठळक आकडा असतो तसा मी तेवढाच बघतो.

अमान मात्र तोंड पाडून बसला आहे. डॉक्टरांनी त्याला सांगितलं म्हणे की सूज वाढली आहे, उशीर करू नका. मी त्याला पाय दाखवले, हात दाखवले. कुठं आहे सूज? उलट पायजम्याची नाडी दोन बोटं आत घ्यावी लागते. त्याला डॉक्टरांचं अर्धं बोलणं कळत नाही आणि उरलेलं माझ्यापर्यंत येताना बदलतं. कागद खोटं बोलत नाही.

आता तुला विचारायचं ते असं. वीस तारखेच्या सुमाराला रमजान लागतो. सोलापूरला महिनाभर परक्या जागी पडून राहायचं तर ईद घरी करून जावं, असं मनात आहे. तब्येत आपणहून सुधरून राहिली तर घाई कशाला? तू गणिताचा माणूस, तू सांग. घरात कुणाचं मी ऐकणार नाही, तुझं ऐकेन.

हारिसचं ब्याण्णवचं कार्ड गल्ल्याच्या काचेखाली ठेवलं आहे. गादी घ्यायला येणाऱ्याने ते वाचल्याशिवाय भाव सांगत नाही. जीव लावत राहा.
तुझा,
फारूक


लातूर, ८ डिसेंबर १९९८

मित्रवर्य फारूक यास,
स.न.वि.वि. आणि अभिनंदन.

अडतीस म्हणजे पास, यात शंका नाही. चौदावरून अडतीस ही प्रगती माझ्या वर्गातल्या पोरानं केली असती तर मी त्याला पुढे बोलावून सगळ्यांना दाखवलं असतं. विमलने देवापुढे साखर ठेवली. हारिसने कशाची म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की एक जुना विद्यार्थी ऑक्टोबरच्या बॅचला निघाला. तो हसला आणि साखर खाल्ली.

ईदचं म्हणशील तर मला वाटतं हरकत नसावी. आकडा चढता आहे तोवर महिनाभर इकडे-तिकडे झालं म्हणून काय बिघडतं? पास झालेल्या पोराला सुट्टी मिळतेच. मन प्रसन्न असलं की औषधही लागू पडतं. अमानला म्हणावं, वडिलांच्या मागे भुणभुण लावू नकोस.

मात्र रोजे धरायचा हट्ट करू नकोस. आजाऱ्याला सूट असते हे तूच मला शाळेत सांगितलं होतंस, मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातला लाडू खाताना. त्या दिवशी तुझा आजार कोणता होता ते अजून कळलेलं नाही.

सर्वांना यथायोग्य. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
अनंता


नांदेड, ३० डिसेंबर १९९८

प्रिय अनंता यास,
सलाम आणि स.न.वि.वि.

सोलापूरची तारीख पुढे ढकलली. डॉक्टर चिडले, अमान दोन दिवस जेवला नाही, पण तुझं पत्र दाखवल्यावर गप्प बसला. अनंतकाका म्हणाले म्हणजे झालं, असं त्याचं तुझ्याबाबतीत पहिल्यापासून आहे.

रोज्याचं तू लिहिलंस. माझा रोजा सोडू म्हटलं तरी सुटत नाही. दिवस मावळला की घरातले खजूर घेऊन बसतात, मी वाटीभर दूध घेऊन बसतो, आणि त्यांची नमाज होऊन येते तरी वाटी संपत नाही. दुधात साय राहिली तर ठसका लागतो, म्हणून सुलतानबी ते फडक्यातून गाळते. संध्याकाळी अंगात कणकण असते. काल आरशात बघितलं तर अब्बांसारखा दिसलो, मरायच्या वर्षीच्या.

पण मार्क बघ. एकसष्ट. फर्स्ट क्लास. आणि ते दुसरं दोन पॉइंट सहावर उतरलं. त्यामुळे धीर आहे. मी सुलतानबीला समजावतो की अभ्यास करणारं पोरगं वाळतंच, आपला हारिस नाही का वाळला. तिला ते पटत नाही. ती कागद बघत नाही, मला बघते.

खरं सांगू का, मलाही कधी कधी कळत नाही. मार्क चढतात आणि अंग उतरतं, हे कसं? तुला सवड असेल तेव्हा एवढं गणित सोडवून पाठव. हारिसला सर्दीचंच सांग. शेजारच्या दुकानात त्याचा फोन येतो तेव्हा मी बाहेर गेलेला असतो, असं अमान सांगतो.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा,
फारूक


लातूर, ५ जानेवारी १९९९

फारूक,
स.न.वि.वि.

हे पत्र वाचून संपायच्या आत अमानला टेम्पो काढायला सांग. त्याच्यासाठी वेगळी तारही केली आहे.

आपण आकडा उलटा वाचला. तुझ्या एकसष्टचं कौतुक मी डॉक्टर शेषेरावांना ऐकवलं. त्यांची मुलगी माझ्या क्लासला आहे. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग विचारलं की रुग्ण तुमचे कोण लागतात. फारूक, सी.आर.पी. सहाच्या आत असावा लागतो. त्यात पस्तीसला पास नसतं. तो जितका वाढेल तितकी आत धग जास्त, आणि अल्ब्युमिन उतरतं म्हणजे अंगातलं बळ उतरतं. या गाठीच्या रोगात ज्यांचं रक्त असं बोलतं त्यांना शेक सोसत नाही, आणि गुणही कमी येतो. असं नेहमीच होतं असं नाही, पण बहुतेकदा होतं, असं ते म्हणाले. अमानला डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं आणि त्याने तुला नीटच सांगितलं होतं. अमान बरोबर होता.

मी सारा जन्म पोरांना बजावत आलो की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाचा. मी प्रश्न वाचला नाही. या गावात राहून मला चढता आकडा दिसला की आनंद होतो, दुसरं काही सुचतच नाही. तुला थांब म्हणणारा मी. मला दोन दिवस अन्न गोड लागलेलं नाही, पण ते तुला सांगून काय उपयोग, तुला तर पाणी उतरत नाही.

ईद सोलापूरला कर. आजच नीघ.
अनंता


नांदेड, २४ जानेवारी १९९९

प्रिय अनंता यास,
सलाम. ईद झाली, तेव्हा गळाभेट उधार.

गेलो सोलापूरला. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं. शहाण्णव आले. तुझ्या हारिसला मागं टाकलं मी. त्यांनी कागद बघितला, माझे दंड चाचपले आणि अमानला बाहेर नेलं. मग मीच हट्ट धरला की माझ्यासमोर बोला, आवाज गेला तरी मला पाटीवर लिहून विचारता येतं. भले होते, बोलले. पूर्ण शेक आणि सलाइनचं औषध या अंगाला झेपणार नाही. पोटातून नळी घातली, तिच्यातून आता दूध आणि मुगाचं पाणी देतात. गाठीला थोडा शेक दिला, थुंकी तरी गिळता यावी म्हणून. मग घरी पाठवलं. उन्हाळ्याचे बेत करू नका म्हणाले.

महिनाभर आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी पाटीवर विचारलं. तुझ्यासाठी विचारलं, कारण तू ते विचारत बसणार हे मला ठाऊक आहे. ते म्हणाले, कदाचित थोडं बरं झालं असतं, कदाचित नसतं. पहिल्या चौदातही आग होतीच. याहून जास्त कुणाला सांगता येणार नाही. तेव्हा तू आता जेवायला लाग. थांबायचं मलाच होतं, मी फक्त तुझा शिक्का मागितला.

तुझ्यावर राग आला होता. खोटं कशाला लिहू? सोलापूरच्या खाटेवर तीन दिवस होता. मग तू कंधारला मैलभर उन्हातून चिंच आणायला गेला होतास आणि बाभळीच्या शेंगा घेऊन आलास ते आठवलं आणि हसू आलं. नळी दुखली.

आता एकच. हारिसला कळू देऊ नकोस. मार्चअखेरपर्यंत पेपर आहेत. मी असलो तर भेटेन. नसलो तर पेपर झाल्यावर सांग. तुझ्या माणिकप्पांनी केलं तसंच कर. माझं एवढं एक काम राहिलं आहे, ते तू पार पाड.

वहिनींना सलाम.
तुझा,
फारूक


लातूर, १० फेब्रुवारी १९९९

मित्रवर्य फारूक यास,
स.न.वि.वि.

हे पत्र तुला हारिस देईल. म्हणजे मी काय केलं ते तुला कळलंच. आधी शिव्या घाल, पाटी भरून घाल, मग पुढे वाच.

तू सांगितलंस तसं मी पंधरा दिवस केलं. तो जेवायला बसला की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. परवा माणिकप्पांकडे गेलो होतो. त्यांचा तो मुलगा पुण्याहून आला होता, इंजिनिअरिंगला आहे. वडील खोलीत आले की तो उठून बाहेर जातो. वर्ष होत आलं, सरळ बोलत नाही. आजोबांना खांदा द्यायला त्याला कुणी बोलावलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. माणिकप्पा मला म्हणाले, सर, मार्क काय, पुढच्या वर्षी पण पडले असते. मी घरी आलो आणि हारिसला पत्र्याच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. तू लिहिलेलं, मी लिहिलेलं, चुकलेलं, सगळं.

तुमच्यात माती द्यायला उशीर करत नाहीत. इथून एसटी अहमदपूरवरून फिरत नांदेडला पोचेपर्यंत सगळं उरकून गेलं, तर त्या पोराला मी काय तोंड दाखवू? एकदा तुझं न ऐकण्यासारखं होतं तेव्हा मी मान डोलावली. या वेळीही न ऐकण्यासारखं आहे, म्हणून ऐकलं नाही.

पुस्तकं सोबत दिली आहेत. प्रॅक्टिकल झाली आहेत. एक मार्चला, सोमवारी, इंग्रजीचा पहिला पेपर. शनिवारी सत्तावीसला मी स्वतः त्याला न्यायला येईन. वर्ष वाया जाऊ देणार नाही, एवढा शब्द देतो. त्या निमित्ताने तुझी भेटही होईल.

माझ्यावर राग धर, पण माया सोडू नकोस.
तुझा,
अनंता


नांदेड, २५ फेब्रुवारी १९९९

प्रिय अनंता यास,
फारूकचा सलाम आणि स.न.वि.वि.

अमान उद्या वसतिगृहाच्या गाद्या घेऊन लातूरला निघाला आहे, त्याच्या हाती देतो आहे. अक्षर वाकडं आहे, तीन बैठकांत लिहिलं.

हारिस दारात आला तेव्हा मी तुला खरंच शिव्या घातल्या. पाटी भरली, ती त्याने पुसली आणि परत माझ्या हातात दिली. मी त्याला तोंड दाखवायला तयार नव्हतो. भिंतीकडे वळून पडलो. त्याने आईकडून नळीतून दूध द्यायचं शिकून घेतलं. सुलतानबीच्या हातून दूध सांडतं, त्याच्या हातून सांडत नाही. मग डॉक्टरांकडे जाऊन माझे सगळे कागद समजून घेऊन आला आणि प्रत्येक आकडा मला समजावला, बारीक इंग्रजीसकट. आतापर्यंत मला कुणी एवढं नीट सांगितलं नव्हतं. तो चांगला डॉक्टर होईल. कधी होईल ते होईल.

दिवसभर खाटेजवळ बसून मोठ्याने वाचत असतो, जीवशास्त्र, रसायन, काय काय. मला एक शब्द कळत नाही. पण तो वाचायचा थांबला की मला जाग येते. आताशा दुखणं लई आहे. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन जातात. रक्त काढायचं आता बंद केलं आहे, गरज नाही म्हणाले. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याच्यासमोर मी पाटीवर लिहून दाखवतो की शनिवारी काकांबरोबर जा, पेपर बुडवू नकोस. बापाने असंच लिहायचं असतं. तो मान हलवतो आणि जाणार नाही म्हणतो. पण तू दारात येऊन चल म्हणालास, तर तो येईल. तुझा शब्द त्याने कधी खाली पडू दिलेला नाही.

अनंता, शनिवारी ये. मला तुला बघायचं आहे. पण त्याला चल म्हणू नकोस.

लोभ होता, तो पोराकडे वळव.
तुझा,
फारूक